‘दी’ म्हणजे ती, पण ती किती?

तुमच्या आजोबांचा जर्मन रेडिओ तलासरीला जाऊन कसा दुरुस्त झाला, हे तुमच्या बाबाने तुम्हाला दोन वाक्यांत सांगितलं असेल. बाबाची वाक्यं खोटी नसतात, पण त्यांत मी फार शहाणी दिसते. म्हणून मी स्वतः लिहून ठेवते आहे. जिथे मला तिटकारा आला तिथे तसंच लिहिणार आहे, आणि तो बऱ्याच ठिकाणी आला.

रेडिओ तुम्ही पाहिला आहे. चिकूच्या पेटीपेक्षा थोडा मोठा, चकाकत्या तपकिरी लाकडाचा, पुढे सोनेरी कापड, खाली हस्तिदंती रंगाची बटणं आणि काचेच्या पट्टीवर तुमच्या जर्मनीतल्या शहरांची नावं. स्टेशन नीट लागलं की त्यातला हिरवा डोळा मिटत येतो. डाव्या आणि उजव्या बाजूला लाकडात आडव्या फटी आहेत. त्या आत हवा जायला असतात अशी माझी समजूत होती, आणि चाळीस वर्षं मी त्यांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली.

आजोबांनी तो एका इराणी बागायतदाराकडून घेतला होता. ते कुटुंब वाडी विकून मुंबईला गेलं तेव्हा कपाटं, पलंग, भांडी सगळं अंगणात मांडलं होतं. आजोबा पलंग बघायला गेले आणि रेडिओ घेऊन आले. सोबत एक पातळ जर्मन पुस्तिका होती. ती आमच्याकडे कुणी वाचली नाही. आजोबांना एवढंच ठाऊक होतं की डावीकडचं बटण आवाजाचं, उजवीकडचं स्टेशनचं, आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण बाईमाणसाने उघडायचं नाही, कारण बंद रेडिओसुद्धा झटका देतो.

आजोबा गेल्यावर तो फडताळावर तसाच राहिला. मी सकाळी बातम्यांपुरता लावायचे. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा ताईने त्याच्यावर हात ठेवून सांगितलं, “आजी, हे रेडिओ मला.” मी म्हटलं, “हा रेडिओ. तो. दिला.” धाकट्याने साक्षीदार म्हणून मान हलवली. २०१९च्या डिसेंबरात तुम्ही यायचं आणि तो घेऊन जायचा असं ठरलं. मी शब्द दिला की तो वाजता देईन आणि जसाच्या तसा देईन.

मग २०१८चा नोव्हेंबर उजाडला आणि आमच्या डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली. तुम्हाला फोनवर तो खेळ वाटत होता. आम्ही तिसऱ्या-चौथ्या धक्क्यानंतर घाबरणंसुद्धा सोडलं, पण फडताळावरच्या वस्तू काही शहाण्या झाल्या नाहीत. जानेवारीतल्या एका दुपारी मी ताटं घासून ठेवत होते. भांडी वाजली, आणि खोलीत येऊन बघते तर रेडिओ फडताळावरून पलंगावर आणि पलंगावरून जमिनीवर. लाकूड शाबूत होतं. आत काच फुटल्याचा आवाज मात्र स्पष्ट येत होता. उचलला की खुळखुळ्यासारखा.

डहाणूत टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने झाकणाच्या भोकातून टॉर्च मारली आणि म्हणाला, “आजी, आतला काचेचा व्हॉल्व्ह गेलाय. आता कोण ठेवतं व्हॉल्व्ह? मी आतलं सगळं काढून किट बसवून देतो. ब्लूटूथपण येईल. नातवंडं खूश.” मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावला. ज्याचं आतलं सगळं काढून टाकायचं त्याला दुरुस्ती म्हणतात, ही भाषा मला कळत नाही.

जाताजाता त्यानेच तलासरीच्या एका दुकानदाराचा पत्ता दिला. हा माणूस मोडीत निघालेल्या बंगल्यांतून जुने रेडिओ, ग्रामोफोन, खुर्च्या उचलतो, त्याच्याकडे व्हॉल्व्ह मिळतील म्हणे.

आता माझी सवय तुम्हाला माहीत आहे. घरातून वस्तू बाहेर जायची तर यादीशिवाय जात नाही. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि सहलीला निघताना मुलंसुद्धा मी यादीवर खूण करून बसमध्ये चढवली. रेडिओच्या आत काय काय आहे याची यादी करून, दुकानदाराची सही घेऊनच तो द्यायचा असं मी ठरवलं. झाकण उघडण्याची हिंमत नव्हती. म्हणून ती जर्मन पुस्तिका काढली आणि आजोबांनी कधीतरी हौसेने घेतलेला खिशातला जर्मन शब्दकोश. शब्दकोश प्रवाशांसाठीचा. त्यात हॉटेल, डॉक्टर, छत्री, हरवलेली बॅग हे सगळं होतं. रेडिओच्या पोटातलं फार थोडं.

पहिल्याच पानावर डी-आय-ई अशी तीन अक्षरं अकरा वेळा आली. मी ती इंग्रजीत वाचली. दर ओळीला मरायला सांगणारी ही कसली पुस्तिका, म्हणून मी ती मिटून बाजूला ठेवली. मग शब्दकोशाने सांगितलं की ते ‘दी’ आहे. जर्मनमध्ये नामाच्या आधी डेअर, दी किंवा दास लागतं. म्हणजे तो, ती, ते. मला अगदी हायसं वाटलं. तीन लिंगांनी घाबरणारी माणसं वेगळी. मी वहीत तीन रकाने आखले, वर तो-ती-ते लिहिलं आणि कामाला लागले.

तासाभरातच मला त्या भाषेचा वीट आला. व्हॉल्व्हला त्यांच्याकडे ‘रोहरे’ म्हणतात. (तुम्ही दोघं माझ्या उच्चाराला हसलात, पण छापलं तसं मी वाचते.) तिसऱ्या पानावर ती ‘दी रोहरे’ होती, ती. दोन पानांनी तीच ‘डेअर रोहरे’ झाली, तो. दोन पानांत बाईचा बाप्या! मला वाटलं, छपाईची चूक. मी लाल पेनने दुरुस्त केली. पुढे आणखी दोनदा तसंच, तिथेही केली. आता ताई म्हणते की ती चूक नव्हती, विभक्ती होती, आणि मी पन्नाससाठ वर्षांपूर्वीच्या निर्दोष पुस्तिकेवर लाल रेघा मारून ठेवल्यात. असोत. ज्या भाषेत विभक्ती लागली की बाईला पुरुषाचे कपडे चढवतात, त्या भाषेने थोडी शाई सोसावी.

हिरवा डोळा ‘दास’, म्हणजे ते डोळं. लाकडी पेटी ‘दास’. स्टेशनांची काचेची पट्टी ‘दी’. बटण मात्र ‘डेअर’, आपलं बटण नपुंसक आणि त्यांचं पुरुष. नियम शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नियम नव्हता. फोनवर ताईला विचारलं तर ती म्हणाली, “पाठ करायचं असतं, आजी. मुलगीपण दास असते.” मुलगी ते! मी फोन ठेवल्यावर बराच वेळ पुटपुटत होते. मग आठवलं की आम्हीही ते पोरगं, ते लेकरू म्हणतो, पण तेव्हा मला आठवायचं नव्हतं.

अनेकवचनात मात्र काहीतरी शिस्त दिसली. एक रोहरे, अनेक रोहरेन. एक स्काला, अनेक स्कालेन. दाबायची बटणं टास्टे, त्यांचं टास्टेन. फिरवायचं बटण क्नोप्फ, त्याच्या अनेकवचनाला तर शेवटी शेपूट आणि वर डोक्यावर दोन टिंबं. वहीच्या तळाशी मी चौकट करून नियम लिहिला: शेपूट नाही, तर एक. अक्षर फार सुंदर आलं होतं. आज ते पान बघितलं की माझ्याच अंगावर काटा येतो.

मग आला ‘दी लाउटश्प्रेशर’. शब्दकोशात अख्खा शब्द नव्हता, अर्धे अर्धे होते. लाउट म्हणजे मोठ्याने, आणि दुसरा अर्धा म्हणजे बोलणं. मोठ्याने बोलणारी. पुढे ‘दी’, म्हणून ती. मला वाटलं, हा शब्द जर्मन पुरुषांनीच घडवला असणार. मोठ्याने बोलणारी आहे ना, मग ती बाईच. या रागात मी पुढचा विचार केलाच नाही. शेपूट नव्हतं, डोक्यावर टिंबं नव्हती. यादीत लिहिलं: लाउडस्पीकर, एक.

व्हॉल्व्हचा आकडा पुस्तिकेत होता, सात. बटणं मी बाहेरून मोजली. यादीच्या दोन प्रती केल्या, रेडिओ दोन गोधड्यांत गुंडाळला आणि रिक्षा ठरवून तलासरीला गेले.

दुकान हायवेला लागूनच होतं. बाहेर शिंगांसारखे ग्रामोफोनचे कर्णे, वेताच्या फाटक्या खुर्च्या, आणि एका फळीवर सहा-सात रेडिओ ओळीने. मी जवळ जाऊन पाहिलं तर आत काहीच नव्हतं. पोट साफ केलेल्या माशांसारखे.

“बेसा, बेसा टीचर,” दुकानदार बसायला स्टूल सरकवत म्हणाला. मी शिक्षिका होते हे टीव्हीवाल्याने त्याला कळवलं होतं. पन्नाशीचा, बोलका माणूस. “ते रिसॉर्टवाले नेतात. आतलं काढून टाकायचं, काचेचा कप्पा बसवायचा, बाटल्या झकास राहतात. तुमची पेटी तर फर्स्ट क्लास हाय. देऊन टाका ना.”

“त्यात बाटल्या राहणार नाहीत,” मी म्हटलं. “बातम्या राहतात.”

तो हसला. मग मी यादी काढली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, एका ठिकाणी थोडा थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. “हे सगळं तुम्ही लिव्हलं?”

“हो. पुस्तिकेवरून.”

“बरोबर हाय? सही करू?”

“बरोबर आहे म्हणूनच आणली आहे.”

त्याने दोन्ही प्रतींवर सही केली. त्याचं ते थांबणं मी पाहिलं होतं. मला वाटलं, माझ्या व्यवस्थितपणाने भारावला.

सात आठवड्यांनी तो स्वतःच टेम्पोतून रेडिओ घेऊन डहाणूला आला. मी ओट्यावर यादी घेऊन बसले. त्याने मागचं झाकण उघडलं आणि एकेक वस्तूवर बोट ठेवलं, मी खूण करत गेले. सात व्हॉल्व्ह, त्यातला एक बदललेला. “आणि हा लाउडस्पीकर,” त्याने मधल्या मोठ्या गोल तबकडीवर बोट टेकवलं. “एक. बरोबर?” मी म्हटलं, बरोबर. त्याच्या प्रतीखाली लिहून दिलं, सर्व भाग मिळाले, आणि सही केली.

रेडिओ लागला. हिरवा डोळा उघडला, मिटला. आवाज आला, पण कुणीतरी तोंडावर रजई घेऊन बातम्या वाचत असल्यासारखा. स आणि श तर ऐकूच येईनात. ‘शासन’ म्हटलं की नुसतं ‘आ-न’. मी दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, “टीचर, मशीन एकदम ओके हाय. थोडं वयपण असतं ना,” आणि स्वतःच्या कानाला हात लावला. बाबाला सांगितलं. तोही म्हणाला, “आई, एकदा कान दाखवून घे.”

म्हणून मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पिचकारीने कोमट पाणी मारून दोन्ही कानांतून जे काढलं ते एका स्टीलच्या वाटीत ठेवून मला दाखवलं. का दाखवलं, देव जाणे. “बघा मावशी, केवढं होतं!” वाटी अगदी माझ्या नाकाखाली. दोन दिवस मला त्या आकाराच्या वाटीतून आमटी घेववली नाही. घरी येऊन रेडिओ लावला. रजई तशीच.

पुढच्या रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला. ताईला माझी जर्मन वही बघायची होती. मी मोठ्या अभिमानाने रकाने वाचून दाखवत होते, तर तिने मला मध्येच थांबवलं.

“आजी, ते परत वाच. दी लाउटश्प्रेशर?”

“हो. ती. एक.”

“नाही, आजी. तो आहे तो. डेअर लाउटश्प्रेशर.”

“पुस्तिकेत दी छापलंय. दाखवू?”

“मग खूप आहेत.”

“खूप कसे? शेपूट कुठंय?”

“काय कुठंय?”

“अनेकवचनाचं शेपूट. न, नाहीतर टिंबं.”

“याला नसतं. एक लाउटश्प्रेशर, तीन लाउटश्प्रेशर. आणि खूप असले की सगळ्यांना दीच लागतं. तो असू दे, ती असू दे, ते असू दे.”

“हा काय मूर्खपणा आहे!” मी म्हटलं, आणि बहुतेक ओरडलेच, कारण धाकटा मागून म्हणाला, “आजीच लाउटश्प्रेशर आहे.”

ताई हसली नाही. ती म्हणाली, “तूच मला शिकवलंस ना. ते घर, ती घरं. मी विचारलं होतं, घरं बायका झाल्या का? तू म्हणालीस, प्रश्न विचारू नकोस, पाठ कर.”

ती घरं. ती झाडं. ती फळं. सत्तर वर्षं तोंडात असलेली ‘ती’. एक बाई म्हणजे ती आणि शंभर झाडं म्हणजेही ती. आणि शेपूट? तो बैल, ते बैल. तो दगड, ते दगड. बैलाला शेपूट असतं, बैलाच्या अनेकवचनाला नसतं. मराठीत जे मी न बघता ओलांडते तिथे जर्मनमध्ये मी तोंडावर आपटले. आपटले ते ठीक, पण त्या आधी चौकट आखून नियम लिहिला होता.

ताईने त्या पानाचा फोटो मागवला आणि वाचून सांगितलं: डावीकडचे आणि उजवीकडचे लाउडस्पीकर बारीक, तीव्र आवाज खोलीभर पसरवतात. डावीकडचा, उजवीकडचा, आणि मधला. तीन.

मी फडताळापाशी गेले. बाजूच्या फटीतून विणायची सुई घातली. मागचं कापड दबलं आणि सुई तशीच आत गेली, मुठीपर्यंत. कुठे काही लागलं नाही. मग प्लग काढून एक अख्खा दिवस थांबले, रबरी चपला घातल्या आणि आजोबांची क्षमा मागून झाकण उघडलं. दोन्ही बाजूंना गोल जागा रिकाम्या. धुळीत गोल स्वच्छ कडं उमटलेलं, स्क्रूंची भोकं, आणि कापलेल्या वायरींना काळी टेप. काम अगदी नीटनेटकं केलं होतं. त्या नीटनेटकेपणाचीच मला जास्त चीड आली.

मला बेसा-बेसा आठवलं. यादी वाचताना त्याचं थांबणं आठवलं. ‘एक, बरोबर?’ म्हणताना त्याचं बोट आठवलं. आणि माझ्या मळ भरलेल्या कानांची वाटी आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तलासरी. दुकानदार एका रेडिओचं पोट साफ करत होता. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, “बाजूचे दोन लाउडस्पीकर कुठे आहेत?”

तो दचकला नाही. शांतपणे हात पुसले, खणातून माझी यादी काढली आणि समोर धरली. “हे कोणाचं अक्षर?”

“माझं.”

“किती लिव्हलंय?”

“एक.”

“मग मी किती दिले? एक. सही पण तुमचीच हाय. इंग्लिश टीचर ना तुम्ही?”

एवढं अपमानास्पद वाक्य मला शाळेत कुणी, अगदी शेवटच्या बाकावरूनही, ऐकवलं नव्हतं. आणि वाईट म्हणजे ते खोटं नव्हतं.

“माझी यादी चुकली. जर्मनमध्ये चुकली. तुम्ही पेटी उघडलीत, तेव्हा तुम्हाला किती दिसले?”

“ते...”

“तुमची मोजणी कुठल्या भाषेत चुकली?”

तो यादीची घडी घालायला लागला. मग मोठ्याने हसला, अगदी मान मागे टाकून. त्याच्या दातांवर गुटख्याचे तांबडे थर होते. “काय बोलता टीचर तुम्ही! बरं, चला. दिले ते हायवेच्या हॉटेलात दिले. अजून तिथंच हायेत.” त्याने पेचकस घेतला, फळीवरून प्लास्टिकचे दोन नवे लाउडस्पीकर उचलले आणि शटर ओढलं.

हॉटेल मोठं होतं, अहमदाबादच्या बस थांबतात त्यांतलं. मला वाटलं, जेवणाच्या हॉलमध्ये कुठेतरी वर लावले असतील. दुकानदार हॉल ओलांडून सरळ मागे गेला आणि दोन दारांपाशी उभा राहिला. एका दारावर मिशीचं चित्र, दुसऱ्यावर ओठांचं.

“एक इकडं, एक तिकडं,” तो म्हणाला. “म्युझिक.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आजोबा ज्याच्यासमोर आंघोळ करून, केस विंचरून बसायचे, त्या रेडिओचे दोन कान या माणसाने संडासात लावले होते. शिसारी ती आणि तिटकारा तो. मला दोन्ही एकदम आले.

मी ओठांच्या दारातून आत गेले. फरशी ओली, त्यावर चिखलाच्या चपलांचे ठसे आणि भिजलेले कागद. बेसिनमध्ये केसांचा गुंता आणि कुणीतरी टाकलेला बडीशेपेचा चोथा. वर खिळ्याला टांगलेला मोगऱ्याच्या वासाचा डबा, खाली डांबरगोळ्या, आणि सगळ्यांवर फिनेल. भिंतीत वरच्या कोपऱ्यात जाळीमागे तो बसवला होता आणि त्यातून कुठलंसं गाणं येत होतं. शब्द नव्हतेच. नुसतं सूं-सूं, सीस-सीस. माझ्या बातम्यांतले हरवलेले सगळे स आणि श तिथे बेसिनच्या वर वाजत होते.

फरशी पुसणारी बाई कोपऱ्यात उभी होती. मी वर बघते आहे हे पाहून म्हणाली, “लई तरास देतो ओ आजी ह्यो. दिसभर डोस्क्यात सीसी करतो. बंद करा म्हनलं तर शेठ ऐकत नाय.”

“मी घेऊन जायला आले आहे.”

“न्या, न्या, देव तुमचं भलं करो,” ती म्हणाली आणि पळत जाऊन स्टूल घेऊन आली.

मॅनेजर मात्र आडवा आला. “मॅडम, कस्टमर को अच्छा लगता है.” मी त्याला म्हटलं की मीही कस्टमर आहे आणि मला अजिबात अच्छा लगता नाही. दुकानदाराने नवे प्लास्टिकचे त्याच्या हातात ठेवले, ते मोठे आणि चकचकीत होते, मग तो लगेच गप्प झाला. बायकांकडचा दुकानदाराने काढला तेव्हा ती बाई आणि मी दाराशी पहारा देत होतो. पुरुषांकडचा काढायला तो एकटा गेला आणि मी मिशीच्या चित्राखाली उभी राहिले. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते. एकाने अदबीने सांगितलं, “मावशी, लेडीज त्या बाजूला.”

पुरुषांकडचा बेसिनच्या अगदी जवळ होता. त्याच्या कडेवर पाण्याचे डाग होते आणि काही डाग असे की ते कशाचे हे मी विचारलं नाही. दुकानदार म्हणाला, “टीचर, तुमच्या पिशवीत टाकू?” पिशवीत माझा पोळीभाजीचा डबा होता. मी दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून त्यालाच धरायला लावले, तसंच त्याला एसटीत माझ्या शेजारी बसवलं आणि डहाणूला आणलं. माझ्यासमोर, माझ्या पलंगाशेजारी, त्याच्याकडून ते बसवून घेतले. वाटेत तो एकदा म्हणाला, “तुमची चूक नसती तर मी काढले नसते.” मी म्हटलं, “ते खरं आहे. आणि तुम्ही काढले नसते तर माझी चूक मला कधीच कळली नसती. तरी तुम्ही चोरच.” त्याने मान डोलावली. त्याला त्यात काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. मग आवाज आला, आणि शासनाचं शासन झालं. खोलीच्या दोन्ही भिंतींकडून आवाज येत होता. दुकानदार म्हणाला, “ऐकलं? फर्स्ट क्लास.” मी मान हलवली. पाच मिनिटांनी पेटी आतून गरम झाली, आणि बाजूच्या फटींतून डांबरगोळ्या, फिनेल आणि मोगरा असा एकत्र वास खोलीत पसरला.

मी सगळं करून पाहिलं. उन्हात ठेवला. कापराची वडी आत ठेवली. उदबत्तीचा धूर दिला, तेव्हा तर देवळातल्या संडासासारखं झालं. थंड असताना वास येत नाही. पाच मिनिटं वाजला की येतो. बाबा म्हणतो, लाउडस्पीकरमधले वास मुरलेले कागदी पडदे बदलून घेता येतील. पण मग ते आजोबांचे राहणार नाहीत, आणि मी जसाच्या तसा देईन म्हणाले होते.

वही मी दुरुस्त केली आहे. लाउटश्प्रेशर ‘ती’च्या रकान्यातून खोडून ‘तो’मध्ये आणला आहे आणि पुढे लिहिलं आहे: बैलासारखा. चौकटीतला नियम खोडला आहे. पुस्तिकेतल्या माझ्या लाल रेघा मात्र तशाच आहेत. शाई निघत नाही, आणि ताईने त्यांवर हसायला हरकत नाही.

डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा तिन्ही लाउडस्पीकर वाजतील. ते जर्मनीला न्यायचे की नाही, हे ताईने पाच मिनिटं समोर बसून ठरवावं. तुमच्या बाबाचं मत आहे की तिकडच्या थंडीत वास येणार नाही. माझं मत तसं नाही. तो रेडिओ थंडीत काय आणि उन्हाळ्यात काय, आतून तापतोच.